साताऱ्याच्या शाळेने कोणता पोल घ्यावा? मऊ पोल, ताठ पोल आणि बांबूउडीच्या तीन पद्धती

साताऱ्यात किंवा सांगलीत एखाद्या शाळेला पोल व्हॉल्ट, म्हणजे बांबूउडी, सुरू करायचा असला की पहिली चूक मैदानावर होत नाही, दुकानात होते. क्रीडासाहित्याच्या दुकानात पोल मांडून ठेवलेला नसतो, मागवावा लागतो. मागवताना दुकानदार एकच विचारतो, "किती फुटी?" सर सांगतात, "बारा फुटी द्या, पोरं वाढतील तसा उपयोगी पडेल." वाढत्या अंगाचा शर्ट घ्यावा तसा हा हिशेब. पण शर्टाची बाही दुमडली तरी शर्ट तोच राहतो. पोल खाली धरला की पोल वेगळाच होतो.

पोलच्या वरच्या भागात दोन आकडे छापलेले असतात. एक लांबी, दुसरा वजन, तेही बहुधा पौंडांत. हे वजन खेळाडूचं, आणि त्याने वरच्या टोकापासून साधारण १५ सेंटीमीटर खाली पकड धरली आहे असं मानून दिलेलं. पकड त्याहून खाली आली की वाकणारा भाग आखूड होतो आणि पोल ताठ होतो. ढोबळ हिशेब असा, की दर १५ सेंटीमीटरला पोल १० पौंडांनी ताठ होतो. आता तो बारा फुटी, म्हणजे ३.६६ मीटरचा १३० पौंडी पोल घ्या. १३० पौंड म्हणजे ५९ किलो. पन्नास किलोचा नववीतला मुलगा तो ३.२० मीटरवर धरतो. टोकापासून ४६ सेंटीमीटर खाली. त्यातले १५ हिशेबात आधीच धरलेले, उरले ३१, म्हणजे आणखी २० पौंड. पोर ५० किलोचं आणि हातातला पोल वागतोय ६८ किलोच्या माणसाच्या पोलसारखा. तो वाकत नाही, उभा राहत नाही, पोराला मागं फेकतो. मग सर म्हणतात, पोल खराब आला. पोल चांगला असतो, फक्त तो दुसऱ्याचा असतो.

काही कंपन्या तिसरा आकडाही छापतात, फ्लेक्स. पोल दोन्ही टोकांशी टेकवून मध्ये ५० पौंडांचं, म्हणजे २२.७ किलोचं वजन टांगायचं आणि तो किती सेंटीमीटर झुकतो ते मोजायचं. आकडा लहान तेवढा पोल ताठ. इथं नवख्यांची हमखास गल्लत होते, कारण वजनाचा आकडा वाढला की पोल ताठ आणि फ्लेक्सचा आकडा वाढला की मऊ. शिवाय एका कंपनीचा फ्लेक्स दुसऱ्या कंपनीच्या फ्लेक्सशी थेट जुळवू नये. स्पिरिट, पेसर, नॉर्डिक अशी नावं मागवताना कानावर येतात. शाळेच्या पातळीवर नावापेक्षा महत्त्वाचं हे, की सगळे पोल एकाच मालिकेतले असावेत. एकातून दुसऱ्यावर जाताना पायरी सारखी पडली पाहिजे.

हे झालं दुकानाचं. पण कोणता पोल घ्यायचा हे शेवटी उडी कोणत्या पद्धतीने शिकवणार यावर ठरतं, आणि तिथंच घोडं पेंड खातं.

तीन पद्धती प्रामुख्याने बघायला मिळतात. पहिली प्रशिक्षक विताली पेट्रोव्ह यांची. सर्गेई बुबका त्यांचा शिष्य. बुबकाने १९९३ मध्ये दोनेत्स्कला बंदिस्त मैदानात ६.१५ मीटर आणि १९९४ मध्ये सेस्त्रिएरला उघड्या मैदानात ६.१४ मीटर उडी मारली. २००३ चा जगज्जेता इटलीचा ज्युसेप्पे जिबिलिस्को आणि २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकात ५.०५ मीटर मारणारी येलेना इसिनबायेवा हेही पेट्रोव्ह यांच्याच हाताखालचे. दुसरी पद्धत अमेरिकेत बरीच वापरली गेलेली 'टक अँड शूट', म्हणजे गुडघे पोटाशी घ्यायचे, वाकलेला पोल सुटायची, म्हणजे उसळून सरळ व्हायची, वाट बघायची आणि मग वर झेपावायचं. तिसरी म्हणजे उडी घेतल्यावर पुढचा गुडघा खाली सोडून दोन्ही पायांचा एकत्र झोका. दुसऱ्या-तिसऱ्यातला फरक पाय कसे हलतात एवढाच आहे. पहिली आणि बाकीच्या दोन यांच्यातला खरा फरक पाय जमिनीवर असतानाच पडून जातो.

तो समजायला थोडं गणित लागेल. दहावीचं पायथागोरस पुरतं.

पोलचं खालचं टोक धावपट्टीच्या शेवटी जमिनीत बसवलेल्या खोक्यात बसतं. खोक्याचा तळ जमिनीखाली २० सेंटीमीटर. १.७० मीटर उंचीचा मुलगा उजवा हात डोक्यावर ताणून उभा राहिला की मूठ साधारण २.१५ मीटरवर जाते. खोक्याच्या तळापासून धरली तर २.३५. पकड ३.२० मीटरवर आहे. ३.२० चा वर्ग १०.२४, २.३५ चा वर्ग ५.५२, वजाबाकी ४.७२, वर्गमूळ २.१७. म्हणजे पोल सरळ ठेवून आणि हात पूर्ण वर नेऊन उडी घ्यायची, तर डाव्या पायाचा चवडा खोक्याच्या मागच्या भिंतीपासून २.१७ मीटरवर पडला पाहिजे. ही खूण चुन्याने धावपट्टीच्या कडेला मारून ठेवायची. पकड ३.५० वर नेली की हीच खूण २.५९ वर जाते. पकड तीस सेंटीमीटर वाढली आणि खूण बेचाळीसने मागं गेली. पकड वाढवून सुरुवातीची खूण तशीच ठेवणारे इथंच फसतात.

आता हाच मुलगा फूटभर आत आला असं समजा. चवडा १.८७ मीटरवर. हात तेवढाच उंच ठेवला तर मुठीपासून खोक्यापर्यंत सरळ रेषेत ३.०० मीटर अंतर उरतं. पोल मात्र मुठीखाली ३.२० मीटर लांब आहे. ते वीस सेंटीमीटर कुठंतरी गेले पाहिजेत. पोल मऊ असेल तर पाय जमिनीवर असतानाच तो वाकतो आणि वीस सेंटीमीटर गिळून टाकतो. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय वाकला! पोल ताठ असेल तर तो गिळत नाही. तो हात मागं खेचतो, खांद्याला आणि कमरेला हिसका बसतो, धावेचा वेग तिथंच संपतो.

म्हणूनच मऊ पोलबद्दल आमचं मत कडक आहे. मऊ पोल चूक झाकतो. पहिल्या महिन्यात तो सगळ्यांना आवडतो, कारण पहिल्याच आठवड्यात वाकतो. मुलं खूश, पालक मोबाइलवर व्हिडिओ काढतात, सर ओरडतात, "वाकव, वाकव!" आणि मुलगा डावा हात ताठ करून पोल ढकलायला शिकतो. वर्षाने पकड वाढवायची वेळ आली की कळतं, की पोरगं तीस सेंटीमीटर आत पाय टाकूनच उडी मारतं आणि डावा हात ताठ असल्यामुळे छाती पोलच्या मागंच राहते, झोका पूर्ण होत नाही. हे मोडून काढायला शिकवायला लागला त्याच्या दुप्पट वेळ जातो.

पेट्रोव्ह पद्धतीचं सूत्र नेमकं उलट आहे. वाकणं हे ध्येय नाही, परिणाम आहे. पोल खोक्याच्या मागच्या भिंतीला टेकायच्या क्षणभर आधी पाय जमिनीवरून सुटलेला असावा. यालाच 'फ्री टेक-ऑफ' म्हणतात. पाय सुटेपर्यंत पोल सरळ, दोन्ही हात वर. डावा हातसुद्धा वर ढकलतो, पुढं नाही. उजवा गुडघा पुढं आणि वर चालवायचा, डावा पाय मागं लांब राहू द्यायचा आणि तो लांबच ठेवून, म्हणजे गुडघ्यात न मोडता, खालून वर झोकायचा. लांब पायाचा झोका पोलमध्ये आणखी ताकद भरतो. पोल पुरा वाकतो तोपर्यंत खेळाडूची पाठ जमिनीकडे आणि पाय वर जाऊ लागलेले असतात. पोल सरळ होत जातो तसं अंगही त्याला लागून उलटं, सरळ रेषेत वर जातं. मध्ये कुठं थांबा नाही. ही साखळी पुरी झाली की खेळाडू ताठ पोलवर उंच पकड चालवू शकतो. बुबकाची पकड ५.१० मीटरच्या आसपास असायची. खोक्याचे वीस सेंटीमीटर वजा केले तर जमिनीपासून ४.९०, आणि बार, म्हणजे ओलांडायची आडवी काठी, ६.१४ वर. म्हणजे पकडीच्या वर जवळजवळ सव्वा मीटर नफा.

हा 'पकडीवरचा नफा' शाळेच्या मुलांसाठी फार उपयोगी माप आहे. बारच्या उंचीतून पकड वजा करायची आणि वीस मिळवायचे. ३.२० पकडीवर ३.०० मीटर पार करणाऱ्याचा नफा शून्य. तो पोलवर लटकून पलीकडं गेला, एवढंच. ३.२५ पार केली तर पाव मीटर नफा, आणि हा मुलगा पकड वाढवायला लायक झाला. तालुक्याला नंबर यावा म्हणून शून्य नफ्यावर पकड वाढवत नेणं सर्रास चालतं. पकड उंच आणि धाव मंद असली की पोल उभाच होत नाही, आणि मुलगा गादीवर न पडता मागं धावपट्टीवर किंवा खोक्यात पडतो. या खेळातलं सगळ्यात वाईट पडणं हेच.

आता टक अँड शूट. तिला नावं ठेवणं सोपं आहे, पण तिच्या बाजूनेही बोलायला हवं. गुडघे छातीशी घेतले की अंगाचा लांबडा दांडा आखूड होतो आणि माणूस झटकन उलटा होतो. पोट आणि पाठ कच्ची असलेल्या मुलाला लांब पायाचा झोका जमतच नाही, पाय अर्ध्यावर लोंबकळतात. टक केल्यावर निदान पाय डोक्यावर जातात. शाळेच्या दोन महिन्यांच्या हंगामात ही पद्धत बार पार करून देते. तोटा असा, की आखडलेला पाय पोलमध्ये ताकद भरत नाही. पोलला मिळतं ते फक्त धावेतून. मग पोल मऊच घ्यावा लागतो आणि पकड वाढत नाही. दुसरा तोटा वेळेचा. गोळा होऊन वाट बघायची, पोल सुटला की झेप घ्यायची, हा क्षण दर उडीला थोडा बदलतो. झेप लवकर घेतली की पाय वर न जाता बारकडं जातात आणि वर चढतानाच मांडीने बार पाडतो. उशीर झाला की पोल सरळ होऊन मोकळा, आणि मुलगा पोलच्या टोकाला पिशवीसारखा लोंबकळलेला.

दोन्ही पायांचा झोका इथं फारसं कुणी शिकवत नाही, तो मुलांना आपोआप लागतो. पुढचा गुडघा दमून खाली पडतो आणि दोन्ही पाय एकत्र झुलतात. झोका जड असतो, म्हणून दणकट आणि धावेला जरा मंद असलेल्यांना तो कधी कधी साथ देतो. पण गुडघा लवकर पडला की पोल पुढं लोटला जात नाही. मुद्दाम केला तर शैली, आपोआप झाला तर चूक. बस एवढंच.

मग मुलं मोबाइलवर लाव्हिलेनीचा व्हिडिओ दाखवतात. फ्रान्सचा रेनो लाव्हिलेनी, उंची १.७७ मीटर, २०१४ च्या फेब्रुवारीत दोनेत्स्कला ६.१६ मीटर, तेही बुबका समोर बसलेला असताना. त्याचा पाय पेट्रोव्हच्या आदर्श खुणेपेक्षा आत पडायचा, तरी तो विश्वविक्रम करून गेला. मग फूटभर आत आलं तर बिघडलं कुठं? बिघडलं वेगात. त्याच्या झोक्याचा झपाटा आणि धाव आत येण्याचा तोटा भरून काढायची. सेकंदाला सात मीटर धावणाऱ्या नववीतल्या पोराकडं भरून काढायला काही शिल्लक नसतं. २०२५ च्या सप्टेंबरात टोकियोत ६.३० मारणाऱ्या स्वीडनच्या डुप्लांटिसची धाव शेवटच्या टप्प्यात सेकंदाला १० मीटरच्या वर जाते. भारतात देव मीणाने २०२५ मध्ये ५.३५ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला. त्याच्या उडीच्या व्हिडिओत बार दिसायच्या आधीची चार पावलं बघावीत, शिकण्यासारखं तिथं जास्त आहे.

तर निवाडा असा: उडीचा पहिला अर्धा भाग, म्हणजे धाव, पोल टेकवणं आणि पाय सुटणं, सगळ्यांना पेट्रोव्ह पद्धतीनेच शिकवावा. त्यात तडजोड नाही. दुसऱ्या अर्ध्यात, हवेत गेल्यावर, ज्याचं पोट-पाठ कच्चं आहे त्याला वर्षभर गुडघे मोडू द्या. हवेतली चूक पुढं सुधारते, जमिनीवरची सुधारत नाही.

आणि हा पहिला अर्धा शिकायला महागडा पोल लागतच नाही. आपल्याकडं या खेळाला अजून बांबूउडी म्हणतात, आणि नवं शिकलेले त्या शब्दाला हसतात. अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने १९४२ मध्ये बांबूवरच ४.७७ मीटर मारली होती. फायबरग्लासचा पहिला विश्वविक्रम १९६१ चा. बांबू फारसा वाकत नसे, त्यामुळे त्या काळच्या खेळाडूला आत येऊन उडी घेणं परवडतच नव्हतं. पाय नेमका हाताखाली पडायचा. बांबू अंगावर हिसका देऊन शिकवायचा, आणि पेट्रोव्ह पद्धतीला हवा असलेला टेक-ऑफ तोच आहे.

ताठ पोलवरची तालीम लांब उडीच्या वाळूतच करावी. पोल उभा धरून हात वर ताणायचा, मूठ पोहोचते तिच्यावर १५ सेंटीमीटर पकड. हातांमधलं अंतर ४५ ते ६० सेंटीमीटर. तीन पावलं चालत, पोलचं टोक वाळूत, शेवटून दुसऱ्या पावलाला हात कपाळाच्या वर, शेवटच्या पावलाला पूर्ण ताणलेले. पोलच्या उजव्या बाजूने जाऊन वाळूत दोन्ही पायांवर उतरायचं. बार नाही, खोका नाही. दहापैकी आठ उड्या हिसका न बसता झाल्या की पाच पावलं, मग सात. पकड एका वेळी चार बोटांनी, म्हणजे सात-आठ सेंटीमीटरनेच वाढवायची. हिसका बसला की पकड खाली आणायची नाही, आधी पायाची खूण मागं न्यायची. हा क्रम उलटा करणारे पुष्कळ आहेत.

मानवेलीचा भरीव बांबू या कामाला चालतो, एवढी एक अट पाळून, की तो वाळूच्या आणि कमी पकडीच्या पलीकडं जाऊ द्यायचा नाही. बांबू उभा चिरतो आणि चिरलेली काठी भाल्यासारखी लागते. पेरांच्या मधल्या भागाला कापडी चिकटपट्टी गुंडाळावी. दर आठवड्याला ती काढून चीर बघावी, नुसती वरून बघू नये. अॅल्युमिनियमचा पाइप हलका पडतो, पण एकदा मुरडला की मुरडलाच. मुरड सरळ करून पुन्हा वापरायचा मोह होतो, तो आवरावा.

एक गोष्ट या जिल्ह्यांच्या बाजूने आहे. दोरीचा मल्लखांब केलेल्या पोराला उलटं होण्याची भीती नसते. दोरीला लटकून लांब पायाने झोका घेत उलटं होणं, हा पोल व्हॉल्टचा दुसरा अर्धा भाग जवळजवळ जसाच्या तसा आहे. शाळेत दोरीचा मल्लखांब असेल तर आठवड्यातले दोन दिवस तिथंच द्यावेत, डावा पाय गुडघ्यात न मोडता. दोरी पोलइतकी महाग नसते आणि पोलइतकी फसवतही नाही.

पाय कुठं पडतो हे डोळ्याने कळत नाही, कितीही अनुभव असो. मोबाइल स्लो मोशनवर लावून धावपट्टीला काटकोनात, टेक-ऑफच्या रेषेत, सात-आठ मीटर लांब, कमरेच्या उंचीवर ठेवायचा. पाय जमिनीवरून सुटतो ती चौकट थांबवून वरच्या मुठीतून सरळ खाली रेषा टाकायची. रेषा चवड्यावर पडली तर उत्तम. खोक्याच्या विरुद्ध बाजूला टाचेच्या मागं पडली तर आत आला. मोबाइल तिरका ठेवला तर वीस सेंटीमीटरची चूक तिथंच होते आणि नसलेल्या दोषावर महिनाभर मेहनत चालते.

खरेदीचा प्रश्न राहिला. नववी-दहावीच्या, ४५ ते ६० किलोच्या मुलामुलींसाठी एक ताठ काठी आणि चार फायबरग्लास पोल एवढ्यात काम भागतं. ३.०५ मीटर १०० पौंड, ३.३५ मीटर ११० आणि १२० पौंड, आणि ३.६६ मीटर १३० पौंड. पैसे दोनच पोलांचे असतील तर ३.३५ चे दोन घ्यावेत. तो ३.६६ चा पोल कपाटावर ठेवावा, आणि ३.३५ च्या टोकाशी पकड धरून ज्याचा नफा तीस सेंटीमीटरच्या वर गेला त्यालाच द्यावा. मुलींसाठी वेगळे पोल लागत नाहीत, वजन आणि पकड बघायची. कार्बनमिश्रित पोल हलका असतो, चटकन सुटतो, आणि शाळेला बिलकुल नको. त्याचा झपाटा सांभाळेल असा झोका आधी तयार व्हावा लागतो.

पोल मऊ पडतोय की ताठ, हे गादीवर उतरण्याच्या जागेवरून ओळखावं. मुलगा गादीत खोल, मागच्या कडेकडं पडत असेल आणि बार वर चढताना न पडता उतरताना पडत असेल, तर पोल मऊ झालाय. पुढचा, जास्त ताठ पोल घ्यावा. गादीच्या पुढच्या भागातच पडत असेल तर पोल ताठ किंवा पकड उंच. तेव्हा पकड लगेच एक मूठ खाली घ्यायची, "अजून एकदा जोरात धाव" असं सांगायचं नाही. बारचे खांब खोक्याच्या मागच्या कडेपासून ८० सेंटीमीटरपर्यंत मागं नेता येतात. शिकाऊ मुलांसाठी ते ६० ते ८० वर ठेवावेत. खांब शून्यावर आणून उंची काढायचा हट्ट मुलाला खोक्याजवळ पाडतो.

खोका सातारा किंवा मिरज एमआयडीसीत कुठलाही फॅब्रिकेटर करून देतो, पण माप कागदावर काढून द्यावं लागतं. लांबी १ मीटर, पुढची रुंदी ६० सेंटीमीटर, मागची १५, मागं खोली २०. मागची भिंत तळाशी १०५ अंशांत, म्हणजे बाहेर कललेली. वेल्डर सवयीने काटकोन करतो, आणि मग वाकलेला पोल उभा होताना भिंतीच्या वरच्या कडेला घासून चेचला जातो. आतल्या वेल्डिंगचे उंचवटे ग्राइंडरने साफ करून घ्यावेत, बोट फिरवून बघावं. तळाला पाणी जायला भोक पाडायला सांगावं, नाहीतर जूनमध्ये खोक्यात बेडूक पोहतात.

गादीत मात्र काटकसर चालत नाही. स्पर्धेला किमान ५ बाय ५ मीटर, मोठ्या स्पर्धांना ६ बाय ६, जाडी ८० सेंटीमीटर, आणि खोक्याच्या दोन्ही बाजूंना पुढं येणारे तुकडे. बिछान्याच्या गाद्या एकावर एक रचून काम भागवलेलं दिसतं. दोन गाद्यांच्या फटीत घोटा जातो, आणि खोक्याच्या कडा उघड्या राहतात त्या वेगळ्याच. एवढी गादी नसेल त्या शाळेने वाळूतली तालीम मनापासून करावी आणि बारच्या उड्यांसाठी गादी असलेल्या मैदानावर मुलांना न्यावं. सांगलीत कृष्णेच्या काठच्या शाळांनी २०१९ आणि २०२१ चा पूर आठवून गादी जमिनीवरच्या खोलीत ठेवू नये. फोम एकदा पाणी प्याला की वाळतो फक्त वरून.

पोल नेण्याची सोय शेतीच्या दुकानात मिळते. ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप सहा मीटर लांबीत येतो. चार मीटरला कापून एका टोकाला टोपण चिकटवायचं, दुसऱ्या टोकाला नुसतं बसवायचं. आत जुन्या चादरीत गुंडाळलेले तीन पोल सहज मावतात. एसटीत हे न्यायचा विचार सोडून द्यावा. पिकअप किंवा छोटा हत्ती, केबिनच्या वरून पुढं काढून तीन ठिकाणी बांधलेला, मागच्या टोकाला लाल फडकं. दोनच ठिकाणी बांधला तर पुण्या-बंगळुरूच्या हायवेवर मधला भाग कोल्हापूरपर्यंत थडथडत जातो.

ठेवायचा तो आडवा, सावलीत, तीन-चार आधारांवर. पत्र्याच्या शेडला टेकवून उभा ठेवला की उन्हाने आणि स्वतःच्या वजनाने तो कुबड काढतो. नव्या पोललाही हलकी नैसर्गिक कमान असते. पोल दोन खुर्च्यांवर ठेवून हळूच लोटला की तो फिरून कमान खाली करून थांबतो. त्या बाजूला टेपने खूण करावी. उडीत पोल त्याच बाजूला वाकला पाहिजे. खालच्या टोकाचं रबरी टोपण झिजून फायबर दिसू लागलं की त्याच दिवशी बदलायचं. पकडीच्या जागी कापडी टेपचे एकसारखे वेढे चालतात, गाठ किंवा उंचवटा चालत नाही.

आणि स्पाइक्स. पोल जमिनीवर पडलेला असताना त्यावरून कुणी पाय टाकला की खिळ्याची एक बारीक ठिपकी उमटते, दिसायला काहीच नाही. पुढच्या पन्नास उड्यांत तडा तिथूनच निघतो. दर महिन्याला ओल्या फडक्याने पोल पुसून नखाने पूर्ण लांबी चाचपावी. नख अडकलं तिथं पेनने गोल करावा. गोलातला ओरखडा पुढच्या महिन्यात लांबला असेल तर पोल बाद. बाद केलेला पोल कोपऱ्यात उभा करून ठेवायचा नाही, करवतीने दोन तुकडे करायचे. नाहीतर पुढच्या वर्षी बदलून आलेले नवे सर कोपऱ्यातून तोच काढतात, वरची धूळ झटकतात आणि सगळ्यात हौशी पोराच्या हातात देतात.